काटा चाळीसवर

२ मे, सकाळी ९
उष्णता ३२. ओल ८१.

पेन दोरीने टेबलाला बांधून ठेवलंय. माझ्याच गोडाऊनमधून मीच पेन पळवीन अशी सूनबाईला भीती. दोरी पण एवढीशी, की लिहायला वाकावं लागतं, आणि वाकलं की गुडघा कुरकुरतो. ही झाली तक्रार. आता नमस्कार.

वही कंपनीची आहे. आमचं काम काचेवर फिल्म लावायचं. ऊन अडवणारी, एका बाजूने गोंद लावलेली, लांबलचक रोलात येते. ती कंपनी पाठवते, आणि सोबत भिंतीवर टांगायचं ओल मोजायचं यंत्र आणि ही वही पाठवते. रोज काटा बघून तारीख, वेळ, उष्णता, ओल, शेरा आणि सही भरायची. शेऱ्याच्या रकान्याने अर्धं पान अडवलंय. एवढी जागा सोडलीय म्हणजे लिहायलाच सोडलीय. असल्या वह्या पुढे कोणी वाचत नाही. त्यामुळे मन मोकळं करायला याहून बरी जागा नाही.

मुलगा दोन महिन्यांसाठी बाहेरगावी गेलाय, नवी कामं शोधायला. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आई, धक्क्यावरच्या नव्या प्रवासी हॉलच्या काचा आपल्याला मिळाल्यात. तीस रोल आत ठेवलेत, जूनअखेरीस लावायचे. तोवर नीट राहिले तर गोडाऊन कायमचं तुझं. नाही राहिले, तर सूनबाई बघेल आणि तू आराम कर.

आराम! डॉक्टर जसं ऑपरेशन म्हणतो तसं म्हणाला. आणि नुसतं म्हणून थांबला नाही, आरामखुर्चीही आणून ठेवलीय. जाडजूड, गादीवाली, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मी ती गोडाऊनच्या कोपऱ्यात, रॅकच्या खालच्या कप्प्यासमोर ढकलायला लावली. वेष्टन काढणार नाही. ज्या दिवशी काढीन त्या दिवशी म्हातारी संपली असं समजावं.

सूनबाईने भिंतीवर कागद चिकटवलाय. सील फोडू नये. एसी रात्रंदिवस चालू. खिडकी बंद. रोल आडवेच, दोन्ही टोकांवर टेकलेले, मधे कशाचाही दाब नको. यंत्राचा काटा हिरव्यात हवा, म्हणजे ओल चाळीस ते पन्नास.

पन्नास वर्षं धान्य, रजया, लोकरीचे कपडे आणि एक नवरा या दमट हवेत टिकवला मी. आता कागद वाचून शिकायचं.

निश्चय: काटा हिरव्यात आणायचाच.

३ मे, सकाळी ९
उष्णता २४. ओल ६२.

रात्रभर एसी होता. काटा पिवळ्यात आला. माझे गुडघे लाल झाले.

सूनबाई पुढच्या दुकानात गिऱ्हाईकं आणि फोन सांभाळते. मधे एक भिंत आहे तरी तिला सगळं ऐकू येतं. आली आणि म्हणाली, आई, तुम्ही आत बसायची गरजच नाही, काटा बघा आणि बाहेर या. म्हणजे माल गारव्यात आणि राखणदार दाराबाहेर! मी तिला स्पष्ट सांगितलं. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याने मालाजवळ बसायचं, आणि कोणी काही विचारलं तर उत्तरही त्यानेच द्यायचं. हा माझा कायदा.

ती म्हणाली, बरं.

तिचं ते बरं ऐकलं की मला दार आपटावंसं वाटतं.

५ मे, दुपारी २

एसी बंद केला. फक्त दिवसा. रात्री लावीन.

खिडकी उघडली. समुद्राची हवा खायला लोक रजा काढून लांबून येतात. आपल्याकडे ती घरपोच येते आणि आपण खिडकी लावून घ्यायची, हा कुठला शहाणपणा?

संध्याकाळी ६
उष्णता ३१. ओल ८४.

ओठावरून जीभ फिरवली तर खारट लागलं.

६ मे

रात्री एसी लावायचा राहिला. माणूस आहे, विसरतं.

८ मे, सकाळी ९
उष्णता ३२. ओल ८६. काटा लालमध्ये.

सूनबाईने पाहिलं. म्हणाली, आई, एसी बंद होता का? मी म्हटलं, लाइट गेली होती. ती म्हणाली, दुकानात तर होती. मी म्हटलं, मधे भिंत आहे ना.

हे उत्तर नीट जमलं नाही.

मग तिने मला समजावलं. चौथी शिकलेल्या बाईला समजावतात तसं, बोटं मोजून. ओल गोंदात शिरली की फिल्म दुधाळ होते. कडा सुटतात. उन्हातान्हात रोल आतल्या आत चिकटतो. तीस रोल गेले की हॉलचं काम गेलं, आणि हॉलचं काम गेलं की या बंदरात आपल्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचे लंगोट याच हवेत वाळवलेत मी, तेव्हा कुठे होता तुझा काटा?

ती हसली. मला हसायचं नव्हतं, म्हणून मी खोकले.

निश्चय: उद्यापासून एसी. गुडघ्यांवर रजई.

९ मे

रजईत झोप लागते. जागं राहायला एसी बंद करावा लागला.

११ मे, दुपारी ४

भिंत ओलीने फुगलीय. खिळा निघाला आणि यंत्र धाडकन खाली. फुटलं नाही. पण पुन्हा पडलं तर माझ्या नावावर जाईल, म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. झाकण असं घट्ट की उघडताना नख जातं. डबा माझा जुना. आत बटणं, सुया, डोकेदुखीच्या गोळ्या आणि त्या छोट्या पांढऱ्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या, आत निळे खडे असलेल्या. लोक फेकतात. मी काही फेकत नाही.

१२ मे, सकाळी ९
उष्णता ३०. ओल ४१.

एक्केचाळीस!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक्केचाळीसच. काटा थेट हिरव्यात.

विचार केला तेव्हा उलगडा झाला. यंत्र इतके दिवस ओल्या भिंतीला टेकलं होतं. ते भिंतीची ओल दाखवत होतं, हवेची नाही! हवा पहिल्यापासून चांगलीच होती. कंपनीतल्या एवढ्या शिकलेल्या लोकांना हे सुचलं नाही.

१३ मे. ओल ४०.

१४ मे. ओल ४०.

१५ मे. ओल ४०. एसी कायमचा बंद केला. हवाच कोरडी असेल तर उगाच का फिरवायचा?

१६ मे, सकाळी ११

मुलाचा फोन. मी सांगितलं, चाळीस. त्याने आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, आई, कमाल आहे तुझी, या बंदरात कोणाच्या गोडाऊनला चाळीस मिळत नाही. मी म्हटलं, त्यांच्याकडे मी नाही.

आवाज मुद्दाम मोठा ठेवला. भिंतीपलीकडे गेला असावा.

१७ मे

सूनबाई काटा बघायला आली. डब्यातून काढून तिच्यासमोर धरला. चाळीस. ती बघतच राहिली.

एक आहे. यंत्र लाजाळू आहे. बाहेर काढलं की थोड्या वेळाने काटा घाबरून वर पळायला लागतो. त्यामुळे बघायला आलेल्या माणसाला पाच मिनिटांच्या आत वाटेला लावायचं. आज मी तिला म्हटलं, दुकानात फोन वाजतोय. वाजत नव्हता.

२० मे. ओल ४४.

२२ मे. ओल ४९.

हे काय नवीन? डबा तोच, मी तीच. पुड्या उघडून पाहिल्या तर निळे खडे गुलाबी झालेत. पिकले असावेत. पिकलेलं काढायचं आणि ताजं भरायचं, एवढं कोणालाही कळतं. पण ताज्या पुड्या आणायच्या कुठून?

दुपारी ३

प्रत्येक रोलच्या पिशवीत दोन-दोन पुड्या आहेत. तीस रोल. आत नुसत्या पडून आहेत, कामाच्या ना धामाच्या.

कागदावर लिहिलंय, सील फोडू नये. मी फोडलं नाही. कात्रीने व्यवस्थित कापलं. एकाच रोलचं. पुड्या काढून पिशवीला चिकटपट्टी लावली. कंपनीच्या सीलपेक्षा माझी पट्टी सरळ आहे.

२३ मे. ओल ४०.

पुन्हा चाळीस! उपाय सापडला.

२९ मे

दर दोन दिवसांनी दोन पुड्या. दर वेळी वाकायचं, खोकं ओढायचं, कापायचं, चिकटवायचं. गुडघे म्हणतात, बाई, एकदाच काय ते कर.

३० मे, दुपारी १

केलं. वरच्या तीन कप्प्यांतले सगळे चोवीस रोल. पुड्यांनी डबा गच्च भरला. बटणं बाहेर काढावी लागली. खालच्या कप्प्यातले सहा रोल तेवढे राहिले, कारण समोर ती आरामखुर्ची. एकटीला हलत नाही, आणि मला तिला हात लावायचा नाही.

ओल ३६. आता फार कोरडं पण नको.

४ जून, सकाळी १०
ओल ३८.

शेजारच्या गोडाऊनमध्ये जहाजाचे दोरखंड विकतात. तो दोरवाला माझ्या नवऱ्याचा दोस्त. अजून मला वहिनी म्हणतो आणि अजून चहाच्या वेळेलाच येतो. आज दारातच थांबला. नाक वर करून म्हणाला, वहिनी, कुबट वास येतोय. मी म्हटलं, तुमच्या मिशीचा असेल. तो म्हणाला, नाही वहिनी, माल घुसमटलाय, आम्ही दोरांना महिन्यातून एकदा मोकळा वारा देतो, नाहीतर सडतात.

माणूस चहा फार पितो, पण चाळीस वर्षं माल सांभाळतोय. विचार करण्यासारखं आहे.

५ जून

चोवीस रोल पिशव्यांतून बाहेर काढून खिडकीजवळ उभे केले. उभेच. महिनाभर आडवं पडून माणसाचंसुद्धा अंग धरतं. ओळीत उभे राहिले तर शाळेतल्या मुलांसारखे दिसले. दुपारी खिडकीतून चांगलं ऊनही आलं. मी प्रत्येकाच्या पाठीवरून कोरडं फडकं फिरवलं.

फडकं ओलं झालं. म्हणजे ओल बाहेर निघाली. बघा!

८ जून

रोल अजून उभेच आहेत. कप्प्यात उचलून ठेवायला माणूस मिळत नाही, आणि सूनबाईला बोलावलं तर ती प्रश्न आणेल.

१० जून

दोरवाल्याने उचलून ठेवले. तीन कप चहा झाला. एक रोल पडला, पण मऊ पडला.

१२ जून
ओल ४०.

नात कॉलेजातून थेट इकडे आली. मोबाइल नाचवत म्हणाली, आजी, बाहेर ओल एकोणनव्वद आहे, आणि तू रोज चाळीस कसं काय लिहितेस? मी म्हटलं, मोबाइल दिवसभर तुझ्या खिशात असतो, त्याला बाहेरचं काय कळणार.

मागोमाग तिची आई. पुठ्ठ्याच्या खोक्याला बोट लावून म्हणाली, आई, हे मऊ लागतंय. मी म्हटलं, जपून ठेवलेली वस्तू मऊच लागते. ती म्हणाली, आई, काही लपवत असाल तर आत्ता सांगा, आत्ता काहीतरी करता येईल, नंतर मी पण काही करू शकणार नाही.

हे ती चढ्या आवाजात म्हणाली असती तर मी भांडले असते. ती हळू म्हणाली. हळू बोलणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला अजून जमत नाही.

म्हटलं, काटा चाळीसवर आहे.

ती गेली. बरं सुद्धा म्हणाली नाही.

२० जून
ओल ४०.

मुलगा सव्वीसला येतोय. त्याच्या आधी दोन रोज हॉलचं काम सुरू. गोडाऊन कायमचं माझं झालं की करायच्या गोष्टी: पेनची दोरी कापायची. भिंतीवरचा कागद काढून माझे नियम लावायचे. आरामखुर्ची दोरवाल्याला द्यायची, त्याचं वय झालंय.

२४ जून, सकाळी ८

मिस्त्री रोल न्यायला आला. आमचा जुना काच-मिस्त्री, एवढ्या उंच काचेवर फिल्म लावतो आणि एक बुडबुडा राहू देत नाही. पिशवीवरची चिकटपट्टी बघून म्हणाला, आजी, हे कोणी केलं? मी म्हटलं, आधीपासूनच असेल. तो म्हणाला, कंपनी चिकटपट्टीवर फुलं छापत नाही.

नातीच्या वह्यांसाठी आणलेली पट्टी होती. घरात दुसरी सापडली नव्हती.

संध्याकाळी ७

मिस्त्री हॉलवरून परत आला. खाली बसला. पाणी मागितलं. पहिल्या काचेवर फिल्म लावली, आणि काच दुधाळ. कडा तासाभरात सुटून वळल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझा डोळा दिसायचा तशी काच दिसतेय म्हणाला. दुसऱ्या रोलचा पातळ पापुद्रा गोंदावरून सुटेचना. आतल्या आत चिकटलाय.

मी विचारलं, साबणाचं पाणी कुठलं वापरलंस? तो म्हणाला, आजी, पाणी नेहमीचंच. मी म्हटलं, मग काच खराब असेल.

नव्या हॉलची काच. नव्या वस्तू हल्ली अशाच येतात.

२५ जून

आणखी चार रोल उघडले. आणखी चार वाया. सगळ्या काचा खराब निघाव्या, योगायोगच म्हणायचा.

जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२६ जून, संध्याकाळी ५

मुलगा आला. बॅग हातात घेऊनच सरळ गोडाऊनमध्ये. ओरडला नाही. लहानपणी पडला की पण ओरडायचा नाही, आधी गुडघा बघायचा. एसीवर बोट फिरवलं, धूळ आली. खिडकी बघितली. रोल बघितले. मग म्हणाला, आई, यंत्र कुठाय?

मी डबा दिला.

त्याने झाकण उघडलं. आत यंत्र, गोळ्या, सुया आणि पन्नासएक पुड्या. दोन-चार पुड्या उचलून पाहिल्या. मग म्हणाला, आई, या पुड्या ओल शोषतात, हा डबा अगदी कोरडा आहे. मी म्हटलं, आहेच. तो म्हणाला, तू दीड महिना या डब्याची हवा लिहीत होतीस.

यंत्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं. तो, सूनबाई, मिस्त्री आणि मी. चौघं उभे राहून बघत होतो. चाळीस. पंचावन्न. मिस्त्रीचा श्वास ऐकू येत होता. बहात्तर. या घरात एवढ्या लोकांनी एवढं गप्प राहून टीव्हीसुद्धा कधी बघितला नाही. सत्याऐंशीवर जाऊन थांबला.

मी म्हटलं, लाजाळू आहे ते.

कोणी हसलं नाही.

मिस्त्रीने आरामखुर्ची बाजूला ओढली आणि खालच्या कप्प्यातले सहा रोल काढले. सील जसंच्या तसं. पुड्या आत. एक कापून पाहिला, फिल्म आरशासारखी. तो म्हणाला, हे वाचले. मुलाने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

२७ जून, सकाळी ९

किल्ल्या मी आपण होऊन टेबलावर ठेवल्या. मागायच्या आधी दिल्या की काढून घेतल्या असं होत नाही. सूनबाईने उचलल्या आणि पर्समध्ये टाकल्या. पर्समध्ये! किल्ल्या वाजल्या पाहिजेत, तेव्हा कुठे चोराला कळतं.

तेवढं सांगितलं तिला. मग मला कोणी काही विचारलं नाही. दिवसभर कोणी काहीच विचारलं नाही.

वही मात्र मीच लिहिणार. वही म्हणजे किल्ली नव्हे.

२८ जून, दुपारी ४

हॉलच्या समुद्राकडच्या काचेच्या भिंतीला सहा रोल पुरले. मिस्त्री म्हणतो, आत उभं राहिलं तर ऊन डोळ्यांवर नाही, पाठीवर हात ठेवल्यासारखं लागतं. तेवढ्यावर हॉलवाल्यांनी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलंय. बाकीचे रोल आले तर काम राहील. नाहीतर जाईल.

रोल कंपनीने बदलून दिले तर येतील. कंपनी म्हणते, माल नीट ठेवला असेल तर बदलून देऊ. नीट ठेवला की नाही, ते कशावरून बघणार? या वहीवरून.

कंपनीचा माणूस उद्या दहाला येतोय वही न्यायला.

पहिल्यांदा नीट पाहिलं, प्रत्येक पानावर आकडा छापलाय आणि शिक्का मारलाय. पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, पान फाडल्यास बदली माल मिळणार नाही. एवढं बारीक लिहिलेलं मी वाचावं अशी त्यांची अपेक्षा होती. चहा सांडून बघितला. कागद पातळ असेल असं वाटलं होतं. शाई सुद्धा पसरली नाही.

संध्याकाळी ६

भिंतीला कान लावला नव्हता. भिंतच पातळ आहे.

सूनबाई फोनवर कंपनीच्या माणसाला सांगत होती, गोडाऊनची जबाबदारी कागदावर माझ्या नावाने आहे, चूक माझी धरा, उत्तर मी देईन, सासूबाईंना काही विचारू नका.

मी आत गेले. म्हटलं, हे काय चालवलंयस? ती म्हणाली, आई, तो माणूस तुम्हाला चार लोकांसमोर नाही नाही ते विचारेल. मी म्हटलं, विचारू दे. ती म्हणाली, आई, तुम्हाला त्रास होईल. मी म्हटलं, दोन महिने मी वाकले, चोवीस पिशव्या मी कापल्या, चाळीस मी लिहिलं, आणि नाव तुझं लागणार? केलंय मी आणि पुढे मिरवणार तू?

ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला खोकला आला. या वेळी खरंच आला.

मुलगा दारात येऊन म्हणाला, तुम्ही दोघी आधी ठरवा, चूक कोणाची ते.

मूर्ख आहे. बापावर गेलाय.

२९ जून, सकाळी ८
उष्णता ३१. ओल ८८.

यंत्र सूनबाईने कोरड्या भिंतीला नवीन खिळा ठोकून लावलंय. आकडा खरा आहे. शिडीवर चढून बघितला, म्हणजे सूनबाई चढली आणि मी शिडी धरली. एसी चालू आहे. गुडघे दुखतायत.

पेन आपोआप सुटलं. दोरी कुजली होती.

आरामखुर्चीचं वेष्टन काढलं. बसायला नव्हे, बघायला. दोन महिने याच गोडाऊनमध्ये, याच हवेत, खिडकी उघडी असताना. आत एक डाग नाही. बुरशीचा ठिपका नाही. गादी कडक, दुकानातला नवा वास अजून तसाच. बंद ठेवलेली वस्तू अशी राहते, हे मला कोणी वेळेवर नीट समजावून सांगितलं असतं, तर ही वेळ आली नसती.

बसून बघितली. बरी आहे. दोरवाल्याला देत नाही.

आता कंपनीच्या माणसा, हे तू वाचतोयस असं धरून चालते, कारण तुझ्यासारखी माणसंही जगात असतात हे मला आता कळलंय. पान एकही फाडलेलं नाही, मोजून घे. डाग आहे तो चहाचा. बदली तू देणार नाहीस, हे मला दिसतंय. दिलीस तर खालचा कप्पा आधी भरीन आणि खुर्ची समोर लावीन.

सूनबाईने दहाच्या आधी किल्ल्या पर्समधून काढून माझ्या कमरेला लावाव्यात. तो माणूस गेला की परत घ्याव्यात, मी हुज्जत घालणार नाही. तो असेपर्यंत तिने चहा करावा, मुलाने गप्प बसावं, मिस्त्रीने फुलांच्या पट्टीचा विषय काढू नये. त्याने काय विचारायचं ते मला विचारावं. उत्तर मी देईन.